प्रकल्प मुलांचा व्हावा यासाठी: प्रश्नापासून दुसऱ्या मसुद्यापर्यंत

शाळेत प्रकल्प म्हटलं की बहुतेक वेळा ठरलेली गोष्ट घडते. धडा शिकवून होतो, चाचणी होते आणि मग त्याच विषयावर एखादी फाइल किंवा प्रतिकृती करून आणायला सांगितलं जातं. मुलं चित्रं चिकटवतात, माहिती उतरवून काढतात, मुखपृष्ठ सजवतात. मेहनत भरपूर होते, पण शिकायचं ते आधीच संपलेलं असतं. प्रकल्पाधारित शिक्षणात हा क्रम उलटा असतो. आधी प्रश्न येतो, आणि तो सोडवायला जे गणित, जे विज्ञान, जी भाषा लागेल ती त्या ओघात शिकली जाते.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीची मांडणी केली, तेव्हा त्यांचा भर मनापासून आणि हेतू ठेवून केलेल्या कामावर होता. हा हेतू कोणाचा, यावर आजही सगळं अवलंबून आहे. केवळ गुणांसाठी केलेल्या कामात तो शिक्षकांचा असतो. कोणाला तरी खरोखर उत्तर हवं आहे म्हणून केलेल्या कामात तो मुलांचाही होतो.

पुढचं सगळं एकच उदाहरण धरून सांगितलं आहे: सातवीच्या वर्गाने शाळेतल्या गळक्या नळांचा हिशोब करणं. उदाहरण मुद्दाम साधं घेतलं आहे. त्याला एक मोजपात्र, एक घड्याळ आणि वही एवढंच लागतं, तरीही प्रकल्पात जे जे बिघडू शकतं ते सगळं त्यात दिसतं.

काय शिकायचं ते आधी ठरवा

अभ्यासक्रमातली दोन किंवा तीन उद्दिष्टं निवडा, जास्त नकोत. नळांच्या प्रकल्पात ती अशी असतील: एककं बदलणं आणि सरासरी काढणं; पाण्याच्या पातळीची उंची आणि दाब यांचा संबंध; पुराव्यासह शिफारस लिहिणं. पाच-सहा उद्दिष्टं कोंबली की प्रत्येकाला ओझरता स्पर्श होतो आणि एकही पक्कं होत नाही.

मग प्रत्येक उद्दिष्टाची एक परीक्षा घ्या. ते न शिकताही मुलाला शेवटची वस्तू पूर्ण करता येते का? ‘पाणी वाचवा’ असं भित्तिपत्रक सरासरी न काढता, एकक न बदलता सुंदर होऊ शकतं. तसं असेल तर गणिताचं उद्दिष्ट तुमच्या कागदावर आहे, प्रकल्पात नाही. ‘कोणता नळ आधी दुरुस्त करावा’ याची शिफारस मात्र आकडेमोड टाळून लिहिताच येत नाही. फसलेले बहुतेक प्रकल्प याच टप्प्यावर फसलेले असतात. पुढे कितीही उत्साह ओतला तरी ती भरपाई होत नाही.

विषयाचा प्रश्न करा

‘पाण्याचं महत्त्व’ हा विषय झाला. त्याचा प्रश्न करताना पहिला प्रयत्न सहसा असा निघतो: ‘पाणी कसं वाचवता येईल?’ याचं उत्तर इंटरनेटवर दहा मिनिटांत सापडतं, म्हणून मुलं ते उतरवून काढतील. दुसरा प्रयत्न: ‘आपल्या शाळेत किती पाणी वाया जातं?’ हा बरा आहे, कारण मोजावं लागेल. पण तो एका आकड्यावर संपतो, आणि त्या आकड्याचं पुढे कोणी काही करत नाही. तिसरा: ‘शाळेतले कोणते तीन नळ आधी दुरुस्त करावेत, आणि का?’ आता मोजावं लागेल, तुलना करावी लागेल, निवड करून तिचं समर्थन करावं लागेल.

तुमचा प्रश्न याच कसोट्यांवर तपासा. त्याचं उत्तर आयतं मिळू नये. दोन गटांची उत्तरं वेगळी येऊनही दोन्ही मांडण्यासारखी असावीत. मुलांच्या हाताला आणि पायाला पोचेल एवढ्या परिघात ते शोधता यावं. आणि उत्तरावर कोणाचा तरी निर्णय अवलंबून असावा. भाषेच्या तासाला ‘ग्रंथालयात पुढच्या वर्षी कोणती १० पुस्तकं घ्यावीत?’ हा प्रश्न या कसोट्यांना उतरतो. ‘कोणत्या बाकावरून फळा नीट दिसत नाही आणि बाकं कशी मांडावीत?’ हाही उतरतो. त्यात कोन, परावर्तन आणि आराखडा काढणं असं सगळं येतं.

मुलांना निवडीचं स्वातंत्र्य द्यायचं असतं, पण सगळंच त्यांच्यावर सोपवलं तर एक आठवडा ‘काय करू या’ यातच जातो. पहिल्या प्रकल्पात प्रश्न आणि उद्दिष्टं तुमच्या हातात ठेवा. कोणते नळ मोजायचे, कधी मोजायचे, मोजण्याची पद्धत काय, निष्कर्ष आलेखातून मांडायचा की नकाशावर, हे मुलांना ठरवू द्या. या निवडींचा परिणाम त्यांना लगेच दिसतो, म्हणून त्या खऱ्या वाटतात.

उत्तर कोणाला हवं आहे

‘तुम्ही पाणीपुरवठा अधिकारी आहात अशी कल्पना करा’ हे मुलं दोन दिवस मनावर घेतात, नंतर नाही. खरा वाचक शोधा. नळांच्या बाबतीत तो म्हणजे मुख्याध्यापक किंवा शाळेच्या दुरुस्तीचं काम पाहणारी व्यक्ती. ग्रंथालयाच्या प्रश्नात ग्रंथपाल. लहान वर्गांसाठी एक इयत्ता खालची मुलंही उत्तम वाचक असतात: दुसरीच्या मुलांनी पहिलीतल्या नव्या मुलांसाठी शाळेचा नकाशा केला, तर तो चुकीचा असल्याचं पहिल्याच दिवशी कळतं.

या व्यक्तीला प्रकल्प सुरू होण्याआधी भेटा आणि तीन गोष्टी विचारा. निर्णय घ्यायला तुम्हाला नेमकी कोणती माहिती लागेल? कोणत्या तारखेला अर्धा तास देऊ शकाल? आणि मुलांना लेखी उत्तर द्याल का? ते उत्तर नकारही असू शकतं, हे तिथेच मान्य करून घ्या. नुसतं कौतुक करून जाणारा पाहुणा मुलं लगेच ओळखतात. ‘तुमचा दुसरा मुद्दा पटला, तिसरा पटला नाही, कारण...’ असं म्हणणारा माणूस त्यांना जास्त मोलाचा वाटतो.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा

४० मिनिटांच्या १६ तासिका, आठवड्याला ४, म्हणजे चार आठवडे धरू. शेवटची तारीख पाहुण्याने दिलेली आहे. तिथून मागे या.

पहिल्या आठवड्यात: १ली तासिका सुरुवात, २री प्रश्न आणि चाचणी-मोजमाप, ३री आणि ४थी मोजमाप. दुसऱ्यात: ५वी राखीव, ६वी एककं आणि सरासरी, ७वी दाब, ८वी पहिला मसुदा. तिसऱ्यात: ९वी मसुदा पूर्ण, १०वी अभिप्राय, ११वी आणि १२वी दुरुस्ती. चौथ्यात: १३वी राखीव, १४वी सराव, १५वी सादरीकरण, १६वी वैयक्तिक लेखी काम आणि मागे वळून पाहणं.

यात दोन गोष्टींशी तडजोड करू नका. पहिली, ९व्या तासिकेअखेर प्रत्येकाचा पहिला मसुदा हातात असणं. माहिती गोळा करण्यातच तीन आठवडे जातात आणि लिहायला शेवटचे दोन दिवस उरतात, हा नेहमीचा घोळ आहे. त्यात दुसरा मसुदा होतच नाही, आणि खरं शिकणं दुसऱ्या मसुद्यात असतं. दुसरी गोष्ट, राखीव तासिका आधीच भरून न टाकणं. मोजमाप एकदा तरी चुकतंच. राखीव वेळ नसेल तर शिक्षक नाइलाजाने ‘असू दे, आकडा धरून चाला’ म्हणतात, आणि तिथे प्रकल्पाचा खरेपणा संपतो.

पहिला तास आणि मोजमाप

पहिल्या तासाला प्रास्ताविक करू नका. मुलांना गटागटाने एका गळक्या नळापाशी न्या आणि दहा मिनिटं गप्प राहून फक्त लिहायला सांगा: काय दिसतं, काय प्रश्न पडतात. वर्गात परत आल्यावर प्रत्येकाने अंदाज लिहायचा, की या नळातून दिवसाला किती पाणी जात असेल. अंदाज पेनाने, नावासह. आपला आकडा कागदावर गेला की मोजमापाची उत्सुकता वाढते.

मग सगळे प्रश्न मोठ्या कागदावर तीन रकान्यांत लावा: मोजून कळेल, विचारून कळेल, शिकावं लागेल. तिसरा रकाना तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचा, कारण पुढच्या पाठांची यादी तिथेच तयार होते. हा कागद भिंतीवर राहू द्या. दर आठवड्याला सुटलेल्या प्रश्नांवर खूण करा आणि नवे प्रश्न खाली जोडा.

मोजायची कृती अशी. २५० मिलीचं मोजपात्र नळाखाली ठेवायचं, १० मिनिटं पाणी जमवायचं, पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून पृष्ठभागाच्या वक्राच्या तळाशी आकडा वाचायचा. असं तीनदा. समजा १४८, १५२ आणि १५० मिली आलं, तर सरासरी १५०. म्हणजे मिनिटाला १५ मिली, तासाला ९०० मिली. नळाची धारच लागलेली असेल तर पात्र भरून वाहतं, म्हणून तिथे बादली आणि १ मिनिट. जमलेलं पाणी झाडांना घाला. नळावर ‘मोजमाप सुरू आहे, हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावायला विसरू नका. मधेच कोणी नळ घट्ट करून गेलं की तिसरं मोजमाप निम्म्यावर येतं आणि कारण सापडत नाही.

चुका कुठे होतात हे आधी माहीत असलेलं बरं, कारण त्या टाळायच्या नाहीत, वापरायच्या आहेत. एखादा गट पाणी न जमवता थेंब मोजेल: मिनिटाला ६०. मग कुठेतरी वाचलेलं ‘२० थेंब म्हणजे १ मिली’ लावून ३ मिली असं उत्तर काढेल. शेजारच्या गटाचं मोजपात्र त्याच नळासाठी १५ मिली सांगतं. लगेच उत्तर देऊ नका. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि कोणाचं बरोबर ते ठरवायची रीत मुलांनाच विचारा. २० थेंबांचा नियम औषधाच्या ड्रॉपरसाठी वापरला जातो. नळाचं तोंड रुंद, म्हणून थेंब मोठा. ५० थेंब मोजपात्रात पाडून पाहिले की मुलं हे स्वतः शोधतात. सूत्र कुठे लागू होतं हे विचारायची सवय या वादातून लागते.

दुसरी चूक २४ ने गुणण्याची. तासाला ९०० मिली, म्हणून दिवसाला २१.६ लिटर असं सगळेच लिहितात. पण त्या नळाला दिवसभर पाणी असतं का, हे विचारायला कोणी गेलेलं नसतं. तिसरी गोष्ट ही चूक नाही, संधी आहे: टाकीवरच्या नळाचं सकाळचं आणि दुपारचं मोजमाप जुळत नाही. मुलं म्हणतात, आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, टाकीतली पातळी उतरलेली असते. पाण्याची पातळी १ मीटर वर असली की तळाशी सुमारे ९.८ किलोपास्कल दाब जास्त असतो. दाबाचा पाठ शिकवायची वेळ हीच.

शिकवायचं कधी आणि किती

प्रकल्प सुरू झाला की शिक्षकाने बाजूला व्हायचं, हा गैरसमज फार नुकसान करतो. २००६ साली पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या संशोधकांनी अशा कमी मार्गदर्शनाच्या पद्धतींवर कडक टीका केली: ज्याला विषय नवा आहे त्याच्यावर एकाच वेळी शोधण्याचा आणि समजून घेण्याचा भार टाकला, तर त्याचं शिकणं खुंटतं. पुढच्याच वर्षी सिंडी मेलो-सिल्व्हर, रवित डंकन आणि क्लार्क चिन यांनी उत्तर दिलं की नीट आखलेल्या समस्याधारित आणि शोधाधारित शिकण्यात मार्गदर्शन कमी नसतं, उलट पायरीपायरीने आधार दिलेला असतो. शिक्षकाने या वादातून कामाची गोष्ट घ्यावी: आधार आधीच आखून ठेवा आणि सरळ शिकवायला बिचकू नका.

१० ते १५ मिनिटांचे छोटे पाठ घ्या, गरज पडते त्याच दिवशी. सरासरीचा पाठ मोजमापाच्या आधी घेतला तर तो नेहमीसारखा विसरला जातो; तीन वेगळे आकडे हातात घेऊन ‘आता कोणता लिहू?’ असं मुलं विचारायला लागली की घ्या. फळ्यावर एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा, दुसरं अर्धं सोडवून पुढचं मुलांना करू द्या, मग त्यांचे स्वतःचे आकडे. शेवटी तीन छोटी गणितं प्रत्येकाने एकट्याने. ज्यांना ते आधीच येतं त्यांना पाठात बसवून ठेवू नका, कामाला लावा.

गट

मोजमापाला तिघांचा गट पुरेसा: एक घड्याळ पाहतो, एक पात्र सांभाळतो, एक नोंद करतो. एरवी चारापर्यंत ठीक. पाचवा मुलगा नेहमीच मोकळा असतो आणि मोकळा मुलगा गोंधळ घालतो. दोष त्याचा नसतो, रचनेचा असतो. गट तुम्हीच करा, आणि भूमिका दर आठवड्याला बदला, नाहीतर सुवाच्य अक्षराची मुलगी चार आठवडे फक्त लेखनिक राहते.

‘एकच जण सगळं करतो’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्याचं कारण आळस कमी, आणि काम एकट्याने पूर्ण होण्यासारखं असणं जास्त. म्हणून काम असं बांधा: गटातल्या प्रत्येकाकडे एक नळ. त्याचं मोजमाप, त्याचा हिशोब आणि त्याचा परिच्छेद त्या मुलाचा स्वतःचा. मोजताना तिघं एकमेकांना मदत करतात, पण हिशोब ज्याचा त्याने करायचा. गटाची शिफारस मात्र सगळ्यांचे आकडे एकत्र आल्याशिवाय लिहिता येणार नाही. कोणी मागे राहिलं की सोबत्यांनाच त्याची गरज भासते आणि ते मदतीला जातात.

प्रत्येक गटाचा एक कामफलक असावा: करायचं, चालू, झालं. त्यावरचं प्रत्येक काम एका तासिकेत संपणारं आणि एका नावाचं. ‘अहवाल लिहिणं’ हे काम फलकावर चार दिवस तसंच राहतं. ‘नळ क्रमांक ४ ची तीन मोजमापं तक्त्यात भरणं’ हे आज संपतं. तासाच्या सुरुवातीला ३ मिनिटं फलक पाहायला, शेवटी ५ मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठी लिहायला: आज काय केलं, कुठे अडलं. ‘अडलं’ची उत्तरं संध्याकाळी वाचली की उद्याचा छोटा पाठ कशावर घ्यायचा ते ठरतं.

वस्तू घरी करायला देऊ नका. घरी गेलेला प्रकल्प पालकांचा होतो, आणि ज्यांच्या घरी वेळ किंवा साधनं नाहीत ती मुलं उगाच कमी ठरतात. घरी वाचन चालेल, मुलाखत चालेल. लेखन आणि जोडणी वर्गात. उतरवून काढणं किंवा एआयकडून लिहून घेणं यावरही हाच उतारा. शिवाय स्वतः मोजलेले आकडे दुसऱ्या कोणाकडेच नसतात. नोंदवहीतलं तारीख, वेळ आणि खाडाखोड असलेलं पान जपा, नोंदी स्वच्छ करून पुन्हा लिहायला लावू नका.

पहिला मसुदा आणि अभिप्राय

इथे जरा जास्त थांबू या, कारण मुलाच्या हातून खरोखर चांगलं काम होतं ते याच टप्प्यावर.

पहिला मसुदा असा असतो:

‘आमच्या शाळेत खूप पाणी वाया जाते. प्रयोगशाळेजवळचा नळ सर्वात जास्त गळतो. म्हणून तो लगेच दुरुस्त करावा. पाणी हे जीवन आहे.’

मुलांना अभिप्राय द्यायला सांगितलं तर ती ‘छान आहे’ किंवा ‘अक्षर सुधार’ एवढंच म्हणतात. त्यांना मदत करायची नसते असं नाही. उपयोगी अभिप्राय कसा असतो हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. रॉन बर्गर या शिक्षकांनी यासाठी तीन नियम रूढ केले: अभिप्राय सौम्य असावा, नेमका असावा, उपयोगी असावा. ते भिंतीवर लावून भागत नाही, करून दाखवावे लागतात.

१०व्या तासिकेची विभागणी अशी करा. पहिली १२ मिनिटं एकच मसुदा सगळ्या वर्गासमोर. तो वर्गातल्या कोणाचा नको. तुम्ही मुद्दाम लिहिलेला किंवा मागच्या वर्षीचा, नाव काढलेला. त्यावर तुम्ही मोठ्याने विचार करत दोन अभिप्राय द्या, तिसरा मुलांकडून घ्या. पुढची २० मिनिटं जोड्यांत, दुसऱ्या गटातल्या मुलाबरोबर, प्रत्येकाच्या मसुद्याला १० मिनिटं. वाचणाऱ्याने तीन वाक्यं लेखी द्यायची: ‘हे स्पष्ट कळलं...’, ‘इथे मला प्रश्न पडला...’, ‘हे केलंस तर...’. शेवटची ८ मिनिटं लेखकाची: मी काय बदलणार, दोन ओळींत. सगळेच अभिप्राय स्वीकारायचे नाहीत, पण नाकारलेल्याचं कारण लिहायचं.

वरच्या मसुद्यावर उपयोगी पडतील असे प्रश्न: ‘खूप म्हणजे किती? तुझ्या तक्त्यात आकडा आहे, तो इथे का नाही?’ ‘हा नळ जास्त गळतो, पण त्याला दिवसाचे किती तास पाणी असतं?’ ‘शेवटचं वाक्य काढलं तर मुख्याध्यापकांचं काही अडेल का?’ दुसऱ्या प्रश्नामुळे मुलाला शिपाईकाकांकडे जाऊन विचारावं लागतं, आणि दुसरा मसुदा असा होतो:

‘प्रयोगशाळेजवळच्या नळातून १० मिनिटांत सरासरी १५० मिली पाणी गळते (तीन मोजमापे: १४८, १५२, १५०). शाळा सुटल्यावर त्याची झडप बंद होते, म्हणून त्याला दिवसाला १० तासच पाणी असते. म्हणजे दिवसाला ९ लिटर. मैदानाजवळचा नळ १० मिनिटांत ९० मिलीच गळतो, पण त्याला २४ तास पाणी असते. म्हणजे दिवसाला सुमारे १३ लिटर. म्हणून आधी मैदानाजवळचा नळ दुरुस्त करावा.’

शिफारसच उलटली! एका नेमक्या प्रश्नाने लेखन, गणित आणि निर्णय तिन्ही सुधारलं. असा एक नमुना वर्गाने पाहिला की अभिप्राय कशासाठी ते वेगळं सांगावं लागत नाही.

पहिल्या मसुद्यावर गुण देऊ नका. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फक्त लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांचं काम पुढे सुधारलं. ज्यांना अभिप्रायासोबत गुणही मिळाले त्यांना तो फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल खालचा मजकूर वाचत नाही.

गुण

७० टक्के गुण वैयक्तिक आणि ३० टक्के गटाचे ठेवा, असं आमचं मत. वैयक्तिकमध्ये नोंदवही २०, स्वतःचा परिच्छेद २५, शेवटच्या तासिकेतलं लेखी काम २५. गटाची शिफारस २०, प्रश्नांना दिलेली उत्तरं १०. सजावटीला शून्य, आणि हे पहिल्या दिवशीच सांगा.

गुणांकन तक्त्याला तीनच ओळी ठेवा, एका उद्दिष्टाला एक. शिफारस लिहिण्याची ओळ अशी: पहिली पातळी, मत आहे पण आकडा नाही. दुसरी, आकडा आहे पण तो कसा आला हे सांगितलेलं नाही. तिसरी, मोजमाप, हिशोब आणि शिफारस यांची साखळी तुटत नाही. चौथी, शिवाय कशाबद्दल खात्री नाही आणि त्याने निर्णय कसा बदलू शकतो हेही लिहिलं आहे. ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ असे शब्द टाळा. मुलाला पुढची पायरी त्यातून दिसत नाही.

शेवटच्या लेखी कामासाठी नवी माहिती द्या: पाच अनोळखी नळांचा तक्ता, काहींचं मोजमाप मिनिटाला, काहींचं तासाला, पाण्याचे तास वेगवेगळे. कोणते दोन आधी दुरुस्त करावेत? गटात लपून राहिलेलं मूल आणि गटात झाकोळलेलं मूल, दोघंही इथे दिसतात.

सादरीकरण

३२ मुलांचे ८ गट झाले, तर प्रत्येकाला १० मिनिटं देऊन ८० मिनिटं लागतात आणि तिसऱ्या गटानंतर कोणी ऐकत नाही. त्याऐवजी आठ ठिकाणी टेबलं मांडा. चार-पाच पाहुणे बोलवा, प्रत्येकाने तीन टेबलं करायची, एका ठिकाणी १० मिनिटं: ४ मिनिटं मुलांची, ६ मिनिटं प्रश्नांची. निर्णय घेणारी व्यक्तीही तीनच टेबलं पाहील, म्हणून सगळ्या लेखी शिफारशी तिच्याकडे द्या. प्रश्न कोणत्याही मुलाला विचारता येईल, उत्तर कोण देणार हे गट ठरवणार नाही. पाहुण्यांच्या हातात एक कार्ड ठेवा: हा आकडा कसा काढला? कशाबद्दल खात्री नाही? दुसऱ्या गटाची शिफारस वेगळी आहे, तुमचं काय म्हणणं? कार्ड नसेल तर पाहुणे ‘मोठेपणी काय होणार?’ विचारतात.

लेखी उत्तर आठवड्याच्या आत वर्गात वाचलं जावं. त्यासाठी पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. नकार आला असेल तर त्याचं कारणही वाचा आणि त्यावर एक तास द्या: कोणता पुरावा असता तर निर्णय बदलला असता?

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

१६ तासिकांनी सुरुवात करू नका. ६ ते ८ तासिका, एक विषय, एकच वस्तू, गट दोघांचा. यात चार गोष्टी मात्र ठेवा: निर्णयाकडे नेणारा प्रश्न, खरा वाचक, अभिप्रायाची एक पूर्ण तासिका आणि वैयक्तिक लेखी काम. पाहुण्यांची टेबलं, वेगवेगळी सादरीकरणं, अनेक विषयांची जोड हे पुढच्या वर्षी.

तिसऱ्या आठवड्यात उत्साह ओसरतो, तेव्हा नवं काही सुरू करू नका. वाचक व्यक्तीला पाच मिनिटं वर्गात बोलावून ‘कुठवर आलं?’ एवढं विचारायला सांगा. बहुतेक वेळा पुरतं.

आणि प्रकल्प संपताना एक चांगला, एक मध्यम, एक अडखळलेला अशा तीन मुलांचे पहिले आणि दुसरे मसुदे, मुलांची परवानगी घेऊन आणि नावं काढून, जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या १०व्या तासिकेला नमुना म्हणून तेच लागतील.